बहुव्याधिग्रस्त बालकाचे औषध-व्यवस्थापन : भीमाशंकर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आंबेगाव व खेड तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यालगत पसरलेला भीमाशंकरचा परिसर ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम, १९८५ साली घोषित झालेले अभयारण्य आणि त्यातील शेकरू यांमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. श्रावणातील यात्रेकरूस जो दिसत नाही तो या परिसराचा दुसरा चेहरा म्हणजे डिंभे धरणाच्या जलाशयाभोवती व त्याच्या वरच्या अंगास विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांचा. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची असून भाताची खाचरे, हिरड्याची गोळाबेरीज आणि हंगामी मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरच्या बागायती पट्ट्यात होणारे स्थलांतर यांवर तिचा निर्वाह चालतो. अशा एखाद्या घरात मानसिक व शारीरिक अशा दोन्ही प्रकारच्या व्याधी एकत्र घेऊन वाढणारे मूल असेल, तर त्याच्या औषधांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखिका वैद्यक शाखेची नाही, समाजशास्त्राची अध्यापिका आहे. त्यामुळे कोणते औषध द्यावे याविषयी येथे मत व्यक्त केलेले नाही. तो अधिकार वैद्याचा. परंतु वैद्याने लिहिलेले औषध मुलाच्या पोटात योग्य मात्रेत, योग्य वेळी आणि अखंडितपणे जाणे ही क्रिया दवाखान्यात नव्हे, घरात घडते. ती घडविणारी व्यक्ती बहुधा आई अथवा आजी असते. तिच्या या कामाला आपल्या भाषेत स्वतंत्र नावही नाही. 'औषध देते' एवढेच म्हटले जाते.

एक कल्पित कुटुंब

विवेचनाच्या सोयीसाठी एक कुटुंब कल्पू या. आहुप्याच्या घाटमाथ्याकडील एका वाडीत अकरा वर्षांची एक मुलगी आहे. जन्माच्या वेळी मेंदूस प्राणवायू कमी पडल्याने तिला सेरेब्रल पाल्सी झाली. उजव्या बाजूचे स्नायू ताठर राहिले. दोन वर्षांची असताना फेफरे सुरू झाले. बौद्धिक अक्षमता आहे, बोलणे चार-पाच शब्दांपुरते. गेल्या दोन वर्षांपासून ती स्वतःच्या हाताला चावते, रात्री झोपत नाही, आईच्या अंगावर धावून जाते. फेफऱ्यासाठी बालमेंदूविकारतज्ज्ञांनी सोडियम व्हॅल्प्रोएट, वर्तनासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन आणि स्नायूंच्या ताठरतेसाठी तिसऱ्या एका ठिकाणी बॅक्लोफेन लिहून दिले आहे. दिवसाला व्हॅल्प्रोएट दोनदा, बॅक्लोफेन तीनदा, रिस्पेरिडोन रात्री एकदा, म्हणजे रोजच्या सहा आणि महिन्याच्या १८० मात्रा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी, सर्दी-खोकल्याचे औषध आणि आजीच्या हातचा हिरडा यांत धरलेला नाही. तो कोणत्याच केसपेपरवर धरला जात नाही.

या कुटुंबास घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय हा पहिला मोठा टप्पा, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय हा दुसरा आणि ससून अथवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हा तिसरा. मंचरहून पुणे सुमारे ६० किलोमीटर आहे. वाडीपासून पुण्यास जाऊन त्याच दिवशी परतणे एसटीच्या वेळांवर अवलंबून असते आणि मुलीला बरोबर नेल्यास ते बहुधा साधत नाही. तेव्हा अनेकदा वडील एकटेच जुनी चिठ्ठी घेऊन जातात व औषध घेऊन येतात. मुलीस पाहिल्याविना तिचे औषध पुढे चालू राहते. वजन वाढते, मात्रा तीच राहते.

मात्रा व वजन

लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, हे तत्त्व सर्वज्ञात आहे. त्याचे घरातील परिणाम तितकेसे ज्ञात नाहीत. समजा, वरील मुलीचे वजन औषध ठरले तेव्हा २२ किलो होते आणि दर किलोस दिवसाला २० मिलिग्रॅम या हिशेबाने तिला ४४० मिलिग्रॅम व्हॅल्प्रोएट ठरविले गेले. पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला ११ मिलिलिटर, म्हणजे एका वेळेस साडेपाच मिलिलिटर झाले. साडेपाच मिलिलिटर मोजण्याचे साधन घरात कोणते? बाटलीसोबत आलेले टोपण पहिल्याच महिन्यात हरवते. नंतर येतो चमचा. आणि चहाचा, भाजीचा, पोह्यांचा अशा चमच्याचमच्यांत दुपटी-तिपटीचा फरक असतो. सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज हे यावरचे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उत्तर होय. साडेपाचच्या रेघेवर नेलपॉलिशने एक खूण केली की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही अचूक मात्रा देता येते.

आता दोन वर्षांनी वजन २७ किलो झाले. मात्रा ४४० मिलिग्रॅमच राहिली, तर ती दर किलोस सुमारे १६ मिलिग्रॅमवर उतरते. कोणीही चूक केलेली नाही, एकही मात्रा चुकलेली नाही, तरी औषध कमी झालेले आहे. फेफरे वाढले की घरात 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि मग दवाखाना बदलतो, किंवा भगताकडे फेरी होते. अंगणवाडीतील वजनकाटा दर महिन्याला वापरून वजन लिहून ठेवणे व चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याने ते वैद्यास सांगणे, एवढ्यानेही हा दोष पुष्कळसा टळू शकतो.

पातळ औषधाविषयी एक वैयक्तिक आठवण येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. लेखिकेच्या चुलतभावास लहानपणी फेनिटॉइनचे पातळ औषध चालू होते. हे औषध पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे कण द्रवात तरंगत असतात. बाटली न हलविता ओतले तर सुरुवातीच्या मात्रा पातळ व तळाच्या मात्रा दाट होतात. बाटलीचा शेवट आला की तो अडखळत चाले, बोलताना जीभ जड होई. नवी बाटली सुरू झाली की चालणे सुधारे, पण फेफरे येई. हे चक्र दीड-दोन वर्षे चालले आणि आम्ही सारे त्याला 'सोंग करतो' म्हणून रागावत राहिलो. बाटली हलवायची असते हे त्यावर छापलेले होते, परंतु इंग्रजीत.

एकमेकांत गुंतणारी औषधे

दोन किंवा तीन वैद्यांची औषधे एकाच शरीरात एकत्र येतात तेव्हा त्यांचा परस्परांवर परिणाम होतो. कार्बामाझेपिन हे फेफऱ्याचे औषध यकृतातील विकरांना चेतविते आणि त्यामुळे रिस्पेरिडोन शरीरातून लवकर बाहेर पडते. म्हणजे फेफऱ्याचे औषध बदलले तर वर्तनाच्या औषधाचा प्रभाव घटू शकतो. याच्या उलट, खोकल्या-घशासाठी सर्रास दिली जाणारी एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके कार्बामाझेपिनचे रक्तातील प्रमाण वाढवितात. मुलास चक्कर येते, दोन-दोन दिसते, उलट्या होतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनचे प्रमाण वाढते. व्हॅल्प्रोएट घेत असलेल्या मुलास लॅमोट्रिजिन नेहमीच्या मात्रेत सुरू केले, तर अंगावर गंभीर स्वरूपाचे पुरळ उठण्याचा धोका असतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यांत नवीन काही नाही. प्रश्न असा की, ज्या गावातील खासगी दवाखान्यात ही मुलगी तापासाठी नेली जाते, तेथे तिची तिन्ही औषधे कोणाला ठाऊक असतात? आई 'फिटची गोळी चालू आहे' एवढेच सांगते.

म्हणून सर्व औषधे एका वहीत असणे अगत्याचे ठरते. केसपेपर फाटतात, भिजतात, प्रत्येक रुग्णालयाचे निराळे असतात. वहीच्या पहिल्या पानावर औषधाचे मूळ नाव, ताकद, वेळ आणि कोणी व केव्हा सुरू केले हे लिहावे. मूळ नावाचा आग्रह यासाठी की एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात येते. घोडेगावच्या मेडिकलमधून आणलेली गोळी पांढरी आणि पुण्याहून आणलेली गुलाबी असली, तर दोन वेगळी औषधे समजून दोन्ही दिली जाण्याचा संभव असतो. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेमुळे मूळ नावाने मिळणारी स्वस्त औषधे वाढली हे स्वागतार्ह आहे, मात्र प्रत्येक वेळी रंग-आकार बदलल्याने होणारा गोंधळही त्यासोबत आला. सुटी पट्टी कापून दिली जाते तेव्हा मुदतीची तारीख कापलेल्या भागात राहून जाते, हाही रोजचा अनुभव. गोळी कुस्करून भाकरीच्या घासात देण्याची पद्धत मातेच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. पण व्हॅल्प्रोएटचे काही प्रकार दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनविलेले असतात आणि ते कुस्करले की सारे औषध एकदम सुटते.

लहान मुलांना मोठ्यांची औषधे तोडून-मोडून देण्याची ही अडचण केवळ आपली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बालकांसाठी आवश्यक औषधांची स्वतंत्र यादी प्रथम २००७ साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत अशी वेगळी यादीच नव्हती.

औषध अचानक थांबविणे हा या साऱ्यांतील सर्वांत मोठा धोका. फेफऱ्याचे औषध एकाएकी बंद झाले, तर आधी होते त्याहून तीव्र व न थांबणारे झटके येऊ शकतात. बॅक्लोफेनच्या बाबतीतही तसेच घडू शकते, आणि हे घरच्यांना क्वचितच सांगितले जाते; 'स्नायूंची गोळी' संपली तर आठवडाभराने आणू, असा विचार होतो.

शांतपणाचा अर्थ

येथे एका नाजूक मुद्द्याकडे वळणे आवश्यक वाटते. जे मूल बोलू शकत नाही ते वेदना वर्तनातून सांगते. दाढ किडली, कान फुटला, चार दिवस शौचास झाले नाही, मासिक पाळी सुरू होण्याच्या सुमारास पोटात दुखू लागले, तरी बाहेरून दिसणारे चित्र एकच असते. मूल हाताला चावते, डोके आपटते, रात्रभर जागते. या चित्रास 'वर्तनसमस्या' असे नाव मिळाले की रिस्पेरिडोनची मात्रा वाढते. मात्रा वाढली की मूल शांत होते. दाढ मात्र किडलेलीच राहते.

रिस्पेरिडोन हे निरुपयोगी औषध आहे असा याचा अर्थ नव्हे. स्वमग्न बालकांतील तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास २००६ साली मान्यता दिली आणि अनेक कुटुंबांना त्याने रात्रीची झोप परत मिळवून दिली आहे. मात्र त्याने भूक व वजन वाढते, काहींच्या हालचाली जखडतात, लाळ गळते, संप्रेरकांचे संतुलन बदलते. त्याहून महत्त्वाचे हे की, 'मूल शांत झाले' हे वाक्य घरात समाधानाने उच्चारले जाते आणि वैद्यही ते सुधारणा म्हणून नोंदवितो. शांत म्हणजे बरे की शांत म्हणजे गुंगीत, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पूर्वी जे करायला तिला आवडे ते ती अजून करते का? कोंबड्यांच्या मागे जाते का, आजीच्या मांडीवर येऊन बसते का, ओळखीच्या आवाजाला हसते का? ही माहिती कोणत्याही तपासणीत येत नाही, ती फक्त आईजवळ असते. ती विचारली गेली पाहिजे. विचारली नाही तरी आईने सांगितली पाहिजे.

वर्तन अचानक बिघडले तर औषध वाढविण्याआधी तोंड, कान, पोट, त्वचा आणि शौचाची नियमितता तपासण्याची विनंती करावी. गेल्या पंधरवड्यात कोणते नवे औषध सुरू झाले हेही सांगावे. आणि वडील एकटेच चिठ्ठी घेऊन गेले, तर यांतले काहीही होऊ शकत नाही, हे पुन्हा नमूद करावेसे वाटते.

पावसाळा

भीमाशंकरचा पावसाळा हा औषध-व्यवस्थापनातील एक स्वतंत्र घटक मानावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात धुके घरात शिरते, कपडे आठवडा-आठवडा वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते. सोडियम व्हॅल्प्रोएट हा पदार्थ मिठासारखाच किंबहुना अधिक वेगाने हवेतील ओल शोषून घेतो. पट्टीतून आधीच काढून डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या चिकट होऊन विरघळू लागतात. कार्बामाझेपिनची गोष्ट अधिक फसवी आहे. त्याच्या गोळ्या दमट जागी ठेवल्यास त्या घट्ट होतात आणि त्यांची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० साली दिला होता. गोळी दिसते तशीच. पोटात गेल्यावर नीट विरघळत नाही. श्रावण-भाद्रपदात फेफरे वाढल्यास अमावास्येस दोष देण्यापूर्वी गोळ्या कोठे ठेवल्या आहेत ते पाहावे.

औषधे ज्या जागी ठेवली जातात त्या जागा म्हणजे चुलीजवळचा कोनाडा, देव्हाऱ्यामागील फळी, किंवा छताला टांगलेली पिशवी. पहिल्या जागी उष्णता व वाफ, तिसऱ्या जागी गळती. गोळी देण्याच्या क्षणापर्यंत पट्टीतच राहू द्यावी, सर्व पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि डबा चुलीपासून दूर, लहान भावंडांच्या हाताबाहेर असावा.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या तोडीची आपत्ती नसली तरी झाड पडणे, ओढ्याला पूर येणे, एसटीची फेरी रद्द होणे हे नेहमीचे आहे. येथील घरे मृगापूर्वी सरपण, मीठ, मिरची, तेल यांची बेगमी करतात. पावसाळ्याची ही बेगमी शतकानुशतकांची शिस्त आहे. औषध त्या बेगमीत कधीच धरले जात नाही, कारण चिठ्ठी महिन्याची असते व शासकीय खिडकीवर बहुधा तितकेच मिळते. मे महिन्यातील भेटीत वैद्यास आपण कोठे राहतो हे सांगून किमान पंधरा दिवसांचा जादा साठा लिहून मागणे, आणि आधीचा साठा आधी वापरून तो सतत फिरता ठेवणे, हा व्यवहार येथील स्त्रियांना शिकवावा लागणार नाही. धान्याच्या कणगीत त्या तेच करीत आलेल्या आहेत.

झटका आल्यावर

झटका आल्यास कांदा अथवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे या प्रथा अद्याप आढळतात. त्यांचा उपयोग नाही आणि चमच्याने दात तुटण्याचा व श्वास अडकण्याचा धोका आहे. मुलास कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, आसपासची चूल, विळी, दगड दूर करावेत आणि घड्याळ पाहावे. हातपायांचे झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१५ साली मांडलेल्या व्याख्येत हीच पाच मिनिटांची मर्यादा धरलेली आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी हे खरे, पण घाटमाथ्यावर ती पाच मिनिटांत येणे शक्य नसते. म्हणून नाकात फवारावयाचे मिडाझोलाम घरात असावे का, हा प्रश्न अशा कुटुंबाने वैद्यास आवर्जून विचारावा. हे औषध व डायझेपाम अनुसूची एच-१ मध्ये येतात आणि दुकानदारास त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे ऐनवेळी चिठ्ठीविना ते मिळणार नाही.

तरतुदी आणि त्यांची सीमारेषा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील औषधे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना शासकीय आरोग्यसंस्थांतून सदैव विनामूल्य मिळाली पाहिजेत. मात्र ही हमी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या संस्थांना लागू आहे. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय हे त्या पातळीचे. म्हणजे कायद्याची रेषा घोडेगावात येऊन थांबते आणि वाडीला जवळचे असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र तिच्या खाली राहते. मैदानी तालुक्यात हा फरक अर्ध्या तासाचा असेल, येथे तो एका मजुरीच्या दिवसाचा आहे. महिन्याची औषधे प्राथमिक केंद्रापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते या परिसरापुरती तरी ती प्रथम करावी.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळू शकतो, अर्थात जेथे मोबाइलला रेंज आहे तेथून. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात बाह्यरुग्ण उपचार व औषधेही अंतर्भूत आहेत. या परिसरात ती फारच थोड्यांना ठाऊक असल्याचे लेखिकेस बोलण्यातून जाणवले.

आश्रमशाळेत राहणाऱ्या सौम्य स्वरूपाच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. तेथे रात्रीची गोळी कोण देतो? अधीक्षक बदलले, रजेवर गेले, तर वही कोणाकडे जाते? फेफरे लपवून प्रवेश घेतलेल्या मुलाची गोळी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली राहते व घाईत विसरली जाते. लपविण्याचे कारण लाज एवढेच नसते. सांगितले तर शाळा घरी पाठवील, ही भीती त्यामागे असते.

मुलगी मोठी होताना

कल्पित कुटुंबातील मुलगी अकरा वर्षांची आहे. व्हॅल्प्रोएट गर्भावस्थेत घेतल्यास सुमारे १० टक्के बालकांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के बालकांत विकासविषयक अडचणी आढळतात. याच कारणास्तव युरोपात २०१८ साली मुली व स्त्रियांमधील त्याच्या वापरावर कठोर बंधने आली. 'आमच्या मुलीला याचा काय संबंध', असे आई म्हणेल. परंतु बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली लैंगिक अत्याचारापासून सुरक्षित असतात असे मानण्यास आधार नाही, आणि सौम्य अपस्मार असलेल्या मुलींची लग्ने येथे लवकर होतात. औषध बदलावयाचे झाल्यास ते वैद्याच्या देखरेखीखाली, हळूहळू, नवे चढवीत व जुने उतरवीत काही आठवड्यांत करावे लागते. ते पाळी सुरू होण्यापूर्वी, भातलावणीच्या धांदलीबाहेरच्या महिन्यांत करणे श्रेयस्कर. त्या आठवड्यांत झटक्यांची नोंद रोज ठेवावी व शक्य तर मोबाइलवर चित्रण करून वैद्यास दाखवावे.

अठराव्या वर्षी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी थांबते, बालरोग विभागातील ओळखीचा वैद्य सुटतो आणि कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्जासोबत अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळविण्याची धावपळ अठरा पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी सुरू करावी लागते. त्या अर्जाबरोबर औषधांची वहीही जोडावी. पुढे पालक होणारा काका अथवा भाऊ साडेपाचची खूण असलेली सिरिंज कशासाठी आहे, हे तिच्यातूनच समजून घेणार आहे.